हातातली कळ : एका खेळयंत्राच्या मुठीचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरण्याची घाई चालली असताना बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मॅडम, कंट्रोलरबद्दल विचारायचं होतं." आमच्यापैकी एकाने मान वर न करताच त्यास सांगितले, की कंट्रोलर हे पद आता राहिलेले नाही, २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने परीक्षा नियंत्रक गेले आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आले, अर्ज त्यांच्या नावे कर. तो बिचारा क्षणभर गोंधळला. "तसला नाही सर, गेमचा."

मराठीच्या प्राध्यापकांना हा प्रश्न का, याला कारण होते. कादंबरीतील निवेदक शिकविताना आम्ही एकदा वर्गात लहानपणी खेळलेल्या 'कॉन्ट्रा'चा दाखला दिला होता, आणि तो दाखला निवेदकापेक्षा अधिक लक्षात राहिला होता. हा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकून मग कलाशाखेकडे वळलेला. संध्याकाळी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालून गठ्ठे बांधण्याचे काम करतो. घरी एक जुना संगणक, खिशात मोबाईल आणि मामेभावाकडे निन्टेंडोचा 'स्विच'. या तिन्हींवर चालेल असा एकच कंट्रोलर त्याला हवा होता. तीन महिन्यांत त्याने २,८०० रुपये बाजूला टाकले होते. "एकदाच घेणार आहे बघा सर. मोडला तर परत घेणं होत नाही."

आम्ही दोघांनी विचार करून सांगतो म्हटले. आता मराठीच्या माणसाने विचार करावयाचा म्हणजे तो प्रथम शब्दाकडे जातो, मग इतिहासाकडे, आणि वस्तूकडे सर्वांत शेवटी. झालेही तसेच.

शब्दाची अडचण पहिल्याच पावलाला लागली. 'नियंत्रक' म्हटले की डोळ्यांपुढे शिधावाटपाचे नाहीतर वैध मापनाचे कार्यालय येते. 'जॉयस्टिक' हा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वैमानिकांच्या बोलीतला शब्द. तो विमानाच्या दांड्यासाठी होता. आमच्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या दशकातील सोलापुरात, या वस्तूला सर्रास 'रिमोट' म्हणत. तारेने यंत्राला बांधलेल्या वस्तूला रिमोट म्हणण्यातला विनोद तेव्हा कुणाला जाणवला नाही. पूर्व भागातल्या गल्लीत घरी तेलुगू बोलणारी मुले, शेजारची कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुले, सारी एकमुखाने 'रिमोट' म्हणत. आणि ज्या शब्दावर चार भाषांचे एकमत होते तो शब्द शास्त्राच्या विरोधातही टिकतो. आम्हांला स्वतःला मात्र मराठीत पडून असलेला एक जुना शब्द खुणावतो : कळसूत्र. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील (त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली), त्यांना हा शब्द पटावा. दोऱ्या हातात, बाहुली पुढे, आणि पाहणाऱ्याचे लक्ष हाताकडे जाऊ नये हीच साऱ्या कौशल्याची कसोटी. विद्यार्थ्याला हा शब्द सांगितला तेव्हा तो केवळ आदराने हसला नाही एवढेच.

आता इतिहास. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५८ मध्ये विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस उभे केले, तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती एक फिरवावयाची कळ आणि एक बटण असलेली पेटी दिली होती. त्याहून बोलका प्रसंग १९६२ चा. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत, एमआयटीत, पीडीपी-१ या संगणकावर तरुणांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. तो प्रथम यंत्राच्या दर्शनी फळीवरच्या खटक्यांनीच खेळत. त्या खटक्यांवर वाकून खेळताना कोपरे दुखू लागली, म्हणून ॲलन कोटोक आणि बॉब सॉंडर्स या दोघांनी सुट्या पेट्या जोडून तयार केल्या. हातात धरावयाची ही वस्तू जन्मली ती दुखऱ्या कोपरांतून, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. कारण पुढच्या साठ वर्षांत याच वस्तूने दुखविलेल्या हातांची हकीकत पुढे येणारच आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे दोन भाग होते : टिकाऊ हवा, आणि सगळीकडे चालणारा हवा. यांतल्या दुसऱ्या भागाचे उत्तर जगाला एकदा, जवळजवळ योगायोगाने, सापडले होते. अटारी कंपनीचे घरगुती खेळयंत्र १९७७ मध्ये बाजारात आले. त्याची काळी चौकोनी बैठक, मधोमध उभा दांडा आणि कोपऱ्यात एक तांबडे बटण ही आकृती पुढे त्या युगाचे चिन्हच होऊन बसली. पण खरी गंमत दांड्यात नव्हती, तारेच्या टोकाला होती. तेथे नऊ पिनांचा एक साधा जोड होता. पहिली पिन वर, दुसरी खाली, तिसरी डावीकडे, चौथी उजवीकडे, सहावी बटणासाठी आणि आठवी सर्वांची सामाईक. दांडा ज्या दिशेला कलेल त्या दिशेची तार सामाईक तारेला टेकते, इतकेच. त्या जॉयस्टिकच्या पोटात एकही चिप नाही. पाच खटके आणि त्यांना सांधणारी तार. त्यात गुपित ठेवण्यासारखे काही नव्हतेच.

आणि म्हणूनच तो पसरला. कमोडोर कंपनीने आपल्या व्हिक-२० व ६४ या संगणकांना तोच जोड दिला, पुढे अमिगालाही. अटारीचे स्वतःचे संगणक होतेच. जपानच्या सेगाने १९८८ मध्ये आपले 'मेगा ड्राइव्ह' काढले तेव्हाही जोड नऊ पिनांचाच होता आणि त्याचा पॅड जुन्या अटारीत खोचला तर बहुतांशी चालत असे. कुणी परिषद भरविली नव्हती की मानके ठरविणारी समिती नेमली नव्हती. बोलीचे जसे प्रमाणभाषेत रूपांतर होते तसे ते झाले. फरक इतकाच की येथे पुण्याने हस्तक्षेप केला नाही. (सोलापूरकरांना हे वाक्य लिहिण्याचा अधिकार असावा.) अपवादही लगेच निघाला. ॲमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रमचे हक्क घेतल्यावर १९८६ मध्ये जे नवे यंत्र काढले, त्यात जोड नऊ पिनांचाच ठेवला पण आतल्या तारांची जागा बदलली. बाहेरून सारखा, आतून निराळा. दुसऱ्यांचा दांडा खोचला तर बसे, पण चालत नसे.

मराठीच्या अध्यापकांना ही फसवणूक नवी नाही. आमच्या पिढीने आपले प्रबंध, टिपणे आणि प्रश्नपत्रिका ज्या फॉन्टांत टाईप केल्या, त्यांत पडद्यावर 'क' दिसे, पण यंत्राच्या पोटात तेथे भलतेच इंग्रजी अक्षर नोंदलेले असे. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की ज्ञानेश्वरांच्या जागी उद्गारचिन्हे आणि कंस उभे राहात. भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांसाठी संकेतप्रणाली १९९१ मध्ये ठरवून दिली होती, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरी होती. तरी महाविद्यालयांच्या कार्यालयांत नि छापखान्यांत पुढची पंधरावीस वर्षे प्रत्येकाचा 'क' वेगळाच राहिला. आमच्यापैकी एकीच्या एम.फिल.च्या प्रबंधिकेची फाईल आजही तशीच पडून आहे. ती उघडते. वाचता येत नाही. सांगावयाचे ते हे, की दोन वस्तू एकमेकींत बसणे आणि त्या एकमेकींना समजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुकानदार पहिलीची खात्री देतो.

आता आमच्या 'रिमोट'कडे येऊ. निन्टेंडो कंपनीचे 'फॅमिली कॉम्प्युटर' जपानात जुलै १९८३ मध्ये आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ मध्ये, त्याच कंपनीच्या गुन्पेई योकोई या अभियंत्याने खिशात मावणाऱ्या 'डाँकी काँग'च्या खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचे सपाट बटण योजले होते. दांडा गेला, अंगठा आला. पाच बोटांनी आवळून धरावयाच्या मुठीऐवजी एका अंगठ्याच्या पेराने चार दिशा साधणे हा बदल दिसावयास लहान आहे, पण दौतीत बुडवून लिहिण्याचा टाक जाऊन खिशातले पेन येण्याइतका तो मूलगामी होता. दांड्यात तरफेचा जोर असतो; रागावलेले मूल त्याचे आतले प्लास्टिक सहज तडकविते. सपाट बटणावर तेवढा जोर लागतच नाही. टिकाऊपणाच्या दृष्टीने योकोईंची ही अधिकाची खूण आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणी कल्पना वाटते. निन्टेंडोला १९८७ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळाले, त्यामुळे इतरांना वेगळ्या घडणीच्या चकत्या आणि सुटे बाण करीत बसावे लागले. मात्र शहाण्यांच्याही चुका असतात. फॅमिली कॉम्प्युटरच्या अगदी पहिल्या यंत्रांवर ए आणि बी ही बटणे चौकोनी व रबरी होती. ती कडेला अडकून बसत. कंपनीने लौकरच ती बदलून गोल आणि कठीण प्लास्टिकची केली.

हे मूळ यंत्र आपल्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या प्रतिकृती. 'सामुराई', 'मीडिया' ही नावे खोक्यांवर असत, पुढे 'मिताशी' आले. सोलापुरात ज्याच्या घरी असे यंत्र असे तो तासावर ते चालवी. आम्हांपैकी एकाने मंगळवार पेठेतील एका माडीवर, पाठीमागे यंत्रमागांची खडखड चालू असताना, 'मारिओ'चे पहिले जग ओलांडले. दुसरीचा मार्ग अधिक प्रतिष्ठित, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हट्ट करून. या प्रतिकृतींच्या रिमोटांना पुष्कळदा नऊ पिनांचाच जोड असे. म्हणजे आकार अटारीचा, पण भाषा निन्टेंडोची.

ही भाषा थोडी समजावून घेण्यासारखी आहे. अटारीच्या दांड्यात प्रत्येक दिशेला स्वतंत्र तार होती. निन्टेंडोला बटणे आठ हवी होती आणि तारा थोड्या. म्हणून रिमोटच्या आत एक लहानशी चिप बसविली : ४०२१ या क्रमांकाची, कुणालाही बाजारात मिळेल अशी. यंत्र एका तारेवरून तिला म्हणते, "आता जे आहे ते धरून ठेव." मग दुसऱ्या तारेवरून एकेक टिचकी देत जाते, आणि प्रत्येक टिचकीसरशी चिप तिसऱ्या तारेवरून एका बटणाची हकीकत सांगते : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. नेहमी याच क्रमाने. वीजपुरवठ्याच्या दोन तारा धरून एकूण पाच. वर्गात हजेरी घेण्याचाच हा प्रकार आहे. नाव पुकारावयाचे नाही, क्रम मोडावयाचा नाही. प्रतिकृती करणाऱ्यांनी ती चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकून टाकली, पण हजेरीचा क्रम त्यांनाही बदलता आला नाही, कारण बदलला असता तर खेळच चालले नसते.

ते रिमोट मोडत. किंबहुना त्यांचे मोडणे हेच आमचे तंत्रशिक्षण होते. बटणाखाली रबराची घुमटी आणि तिच्या तळाशी कोळशाचे मिश्रण केलेली काळी टिकली असते. ती खालच्या दोन पट्ट्यांना टेकली की वीज वाहते. शेकडो तासांच्या 'कॉन्ट्रा'नंतर ती टिकली गुळगुळीत होऊन वीज वाहीनाशी होते. उपाय दोन होते. पेन्सिलीचे शिसे तिच्यावर घासावयाचे, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते. किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गोल कापून डिंकाने चिकटवावयाचा. या दुसऱ्या उपायात आमच्या शहराची एक गैरसोय होती : हे विड्यांचे गाव. घरोघरच्या बायका विड्या वळतात, आणि विडीच्या कट्ट्यात चंदेरी कागद नसतो. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्या काकांना आमच्या लेखी विशेष मान होता. पाच स्क्रू काढले की रिमोट उघडे आणि पाच स्क्रू लावले की बंद होई. त्यात डिंकाने चिकटविलेले असे काहीच नव्हते, आपण लावलेल्या डिंकाखेरीज.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात खेळ सपाट पडद्यातून खोल अवकाशात शिरले आणि आठ दिशा अपुऱ्या पडल्या. थोडे वळावयाचे की पुष्कळ, हे सांगण्यासाठी अंगठ्याने कलती करावयाची छोटी दांडी परत आली. दांडा गेला असे वर म्हटले, तो असा मागल्या दाराने पुन्हा आत शिरला, आणि त्याच्याबरोबर झीजही आली. निन्टेंडो ६४ (१९९६) या यंत्राची दांडी प्लास्टिकच्या वाटीत फिरे; घासून घासून तिची पांढरी भुकटी वाटीत साठे आणि दांडी सैल होऊन लोंबू लागे. याच यंत्रावरील 'मारिओ पार्टी'त दांडी शक्य तितक्या वेगाने गरगर फिरविण्याचे प्रकार होते. मुले ती तळहाताने फिरवू लागली. तळव्यांना फोड आले, कातडी सोलवटली. शेवटी २००० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने ग्राहकांना मोफत हातमोजे देऊ केले. खेळण्यासाठी हातमोजे! १९६२ मधल्या कोपरांसाठी पेटी बनली होती; येथे पेटीसाठी हाताला आवरण आले. आमच्या विद्यार्थ्याला ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने आपले हात उलटे करून पाहिले. कोऱ्या टॉवेलच्या कडांनी त्याच्या बोटांची टोके खडबडीत झालेली आहेत. "आमच्याकडं देत नाहीत," तो म्हणाला, आणि विषय त्यानेच बदलला.

सोनीच्या 'ड्युअलशॉक'ने (१९९७) दोन दांड्यांची जी मांडणी रूढ केली ती आजतागायत चालू आहे, आणि तिच्याबरोबर तिचा रोगही. या दांड्यांखाली पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याची गोल कळ ज्यांना आठवते त्यांना हा भाग ठाऊक आहे : कोळशाच्या लेपाची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची पाती. काही वर्षांनी रेडिओची ती कळ फिरविताना खरखर होई, आठवते? पट्टी झिजली किंवा मळली की तसे होते. कंट्रोलरमध्ये खरखर ऐकू येत नाही. तेथे पडद्यावरचा वीर, कुणी हात लावला नसताना, आपणहून डावीकडे चालू लागतो. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. मार्च २०१७ मध्ये आलेल्या 'स्विच'च्या दोन बाजूंच्या मुठी या विकारासाठी इतक्या बदनाम झाल्या की २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावे लावले आणि २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांची गैरसोय झाल्याबद्दल क्षमा मागितली.

इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा भाग यापुढचा आहे. या रोगावरचे औषध अगोदरच सापडलेले होते. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ मध्ये दाखवून दिले होते, की वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणले तर पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. आमच्या गावची जुनी गिरणी उभी राहिली त्याच दशकातले हे संशोधन. दांडीच्या तळाला चुंबक बसवा, खाली त्याचे क्षेत्र मोजणारी चिप ठेवा. दांडी हलली की आकडा बदलतो आणि कशावर काही घासत नाही. सेगाने हे १९९६ मध्ये आपल्या 'सॅटर्न' यंत्राच्या पॅडमध्ये केले, १९९८ च्या 'ड्रीमकास्ट'मध्येही केले. पण २००१ मध्ये सेगाने खेळयंत्रे बनविणेच थांबविले आणि बाजार कोळशाच्या पट्टीवर स्थिरावला. पुढे वीस वर्षांनी लहानसहान चिनी उत्पादकांनी हॉलच्या दांड्या पुन्हा आणल्या आणि आता त्या मध्यम किमतीच्या पॅडमध्येही मिळतात. चांगली कृती मागे पडण्यास तिचे स्वतःचे दोष कारण असावेच लागतात असे नाही, हे वाङ्मयेतिहास शिकविणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. अर्थात हॉलची दांडी म्हणजे अमरपट्टा नव्हे. तिची स्प्रिंग सैल होतेच, बटणांखालचे रबर झिजतेच.

'सगळीकडे चालणारा' या दुसऱ्या अटीचे पुढे काय झाले? संगणकांवर यूएसबी (१९९६) आल्याने जोडाचा आकार एक झाला, पण अर्थाचा घोळ उरलाच. विंडोजच्या जुन्या पद्धतीत कंट्रोलर फक्त 'बटण १ दाबले', 'बटण २ दाबले' इतकेच सांगे. पहिले बटण वरचे की खालचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रत्येक खेळात शिरण्यापूर्वी अर्धा तास बटणांची जुळणी करण्यात जाई. २००५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे 'एक्सबॉक्स ३६०' आले (भारतात ते सप्टेंबर २००६ मध्ये पोहोचले) आणि त्याच्या कंट्रोलरबरोबर संगणकासाठी 'एक्सइनपुट' ही नवी पद्धत आली. तीत प्रत्येक बटणाला नाव आणि ठिकाण ठरलेले. खेळ लिहिणाऱ्यांना ती सोयीची वाटली, इतर उत्पादकांनी तिची नक्कल केली, आणि नऊ पिनांच्या जोडानंतर प्रथमच संगणकापुरती का होईना एक प्रमाणभाषा तयार झाली. ही मात्र बोलीतून वर आलेली नव्हती, सम्राटाच्या मुद्रेची होती.

प्रमाणभाषा झाली तरी अक्षरांचे भांडण मिटले नाही. निन्टेंडोचे 'ए' उजवीकडे, मायक्रोसॉफ्टचे 'ए' खाली. सोनीने अक्षरेच टाळून चिन्हे घेतली, तर तेथे संस्कृतीच आडवी आली. जपानात शिक्षक बरोबर उत्तराभोवती वर्तुळ काढतात. म्हणून तेथे वर्तुळ म्हणजे होकार, फुली म्हणजे नकार. पश्चिमेतील खेळांत फुलीच होकाराची झाली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानातही फुली हाच होकार ठरला. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हांला विचारले असते तर वेगळा निर्णय झाला असता.

आणि दारे बंद करणारे आहेतच. प्लेस्टेशन ५ आपल्या नव्या खेळांसाठी स्वतःच्याच मागच्या पिढीचा कंट्रोलर स्वीकारीत नाही. एक्सबॉक्सने २०२३ च्या नोव्हेंबरात परवाना नसलेली उपकरणे अडविण्यास सुरुवात केली. ॲपलने मात्र २०१९ मध्ये आपल्या फोनांवर इतर कंपन्यांच्या कंट्रोलरना वाट करून दिली. तेव्हा खोक्यावर 'सर्व यंत्रांसाठी' असे छापलेले असते, त्याचा अर्थ ज्या यंत्रांनी दार उघडे ठेवले आहे त्या सर्वांसाठी, एवढाच घ्यावयाचा : संगणक, अँड्रॉइडचा फोन, आणि योग्य खटका असेल तर स्विच. आमच्या विद्यार्थ्याच्या सुदैवाने त्याची तिन्ही यंत्रे या यादीत बसत होती.

एवढे झाल्यावर आम्ही त्याला सल्ला दिला तो असा. बिनतारी घेऊ नकोस. आतली लिथियमची बॅटरी तीनचार वर्षांत मरते आणि ती बदलण्याची सोय क्वचितच असते. घ्यावयाचाच असेल तर बाजारातले साधे सेल लागणारा घे. तारेचा असेल तर तार सुटी निघणारी हवी, कारण कंट्रोलर सर्वप्रथम मोडतो तो तारेच्या मानेशी, आणि तार सुटी असेल तर शंभर-दीडशे रुपयांत नवी येते. दांड्या हॉलच्या हव्यात. एक्सइनपुट आणि स्विच या दोन्ही भाषा बोलणारा हवा, आणि भाषा बदलण्याचा मार्ग मुठीवरच हवा. रंगीत दिव्यांचे पैसे देऊ नकोस. मागची बाजू उलटून पाहा. स्क्रू दिसले पाहिजेत. या शेवटच्या अटीबद्दल आमच्यांत मतभेद झाला. मॅडमांचे म्हणणे, की आजकाल कुणी उघडीत नाही, स्क्रूंचा आग्रह हा केवळ गतकाळाचा मोह आहे. सरांचे म्हणणे, की जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नव्हेच. विद्यार्थ्याने सरांचा पक्ष घेतला. आयटीआयचा मुलगा, दुसरे काय करणार.

नव्या पेठेत त्याने सुटी तार आणि हॉलच्या दांड्या असलेला एक पॅड घेतला. दोनशे रुपये उरले. तो दाखवावयास आला तेव्हा सरांनी घरच्या माळ्यावरून काढलेला आपला जुना रिमोट टेबलावर ठेवला. १९९४ च्या सुमाराचा, पिवळा पडलेला, नऊ पिनांच्या जोडावर हिरवट गंज. आत अजून चंदेरी कागद होता.

तो रिमोट त्याने मागून नेला. आठवड्याने परत आणला तेव्हा नऊ पिनांचा जोड कापलेला होता. मल्टिमीटरने पाच तारा ओळखून त्याने त्या नखाएवढ्या एका सर्किटला जोडल्या होत्या. ते सर्किट रिमोटला विचारी, "धरून ठेव," आठ टिचक्या देई, आणि आलेली हजेरी यूएसबीवरून संगणकाला कळफलकाच्या भाषेत कळवी. उरलेले दोनशे रुपये आणि वर थोडे असे त्याचे त्यात गेले होते. विभागातल्या संगणकावर त्याने तो लावला. ज्या यंत्रासाठी हा रिमोट बनला होता ते केव्हाच भंगारात गेलेले. आणि येथे गुणांच्या तक्त्यात निवडलेला चौकोन त्याच्या अंगठ्यासरशी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बिनचूक सरकत होता. फक्त बी दोनदा दाबावे लागते. त्यासाठी सिगारेटचे पाकीट हवे, म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. स्टाफरूममध्ये आता कुणीच सिगारेट ओढीत नाही.